काम गेलं कुठे?

परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांना सरकार तेव्हा मदत देत होतं. तिच्या पिटिशनच्या, म्हणजे अर्जाच्या, कागदावर कारण लिहायला थोडीशीच जागा होती. तुमची नोकरी परदेशी व्यापारामुळे गेली असं तुम्हाला का वाटतं, असा एकूण प्रश्न. उत्तर मला तोंडपाठ होतं. आमच्या विभागाचं काम भारतात, पुण्याला गेलं, एवढंच लिहायचं होतं. तरी पेन हातात धरून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. माझा सख्खा भाऊ पुण्यात राहतो. त्याचा मुलगा हिंजवडीत अशाच एका कंपनीत परदेशी बिलांचं काम करतो. आणि मी न्यू जर्सीतल्या माझ्या स्वयंपाकघरात बसून अमेरिकेच्या सरकारला लिहून देणार होते की माझं काम माझ्या माहेरी गेलं.

ही २०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते.

आमची कंपनी वैद्यकीय उपकरणं बनवायची. कारखाना दुसरीकडे होता, आमच्याकडे ऑफिस. मी अकाउंट्स पेएबलमध्ये, म्हणजे पुरवठादारांची बिलं तपासायची, ऑर्डरशी आणि माल मिळाल्याच्या पावतीशी जुळवायची, चूक असेल तर फोन करून निस्तरायची आणि पैसे सोडायचे. सतरा वर्षं हेच केलं. विभागात आम्ही चौदा जण होतो. जानेवारीत सगळ्यांना एका खोलीत बोलावून सांगितलं की एप्रिलअखेर विभाग बंद होतोय, आणि तोपर्यंत नव्या टीमला काम शिकवायचं. जो शेवटपर्यंत थांबून शिकवेल त्याला जाताना मिळणारी रक्कम थोडी जास्त.

सकाळी आठला कॉल लागायचा, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असायचे. पलीकडे सहा जण. पहिल्या आठवड्यात सगळं इंग्रजीत, "मॅम, मॅम" चाललेलं. एकदा माझ्याकडे स्क्रीन अडकली आणि माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. पलीकडून एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही मराठी?" ती बार्शीची होती. त्यानंतर मी तिची ताई झाले. हुशार पोर. कुठला पुरवठादार एकच बिल दोनदा पाठवतो, कुणाच्या बिलावर मालवाहतूक वेगळी लावलेली असते, हे सगळं तिने माझ्याकडून वहीत उतरवून घेतलं. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "ताई, आम्हाला वाईट वाटतंय." मी म्हटलं, "अगं, तू मन लावून काम कर." ते मी मनापासून म्हटलं होतं, आजही तसंच म्हणेन. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता.

२९ एप्रिलला, शुक्रवारी, आम्ही चौदाही जण खोकी घेऊन बाहेर पडलो.

बेकारभत्त्याचा अर्ज ऑनलाइन भरला. मग नोकरी शोधायला मदत करणाऱ्या सरकारी केंद्रात हजेरी लावायची होती. एप्रिलमध्येच पाडवा होऊन गेला होता. मंडळाच्या कार्यक्रमात मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे तिथे रांगेत कुणी ओळखीचं दिसू नये एवढीच इच्छा होती. खिडकीतल्या बाईंनी माझे कागद पाहिले आणि सहज विचारलं, "तुमचं काम बंद झालं की कुठे गेलं?" मी म्हटलं, "गेलं. भारतात." त्यांनी चष्मा काढला, खणातून तीन-चार पानांचा एक अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "हा आजच घरी घेऊन जा. एकटीने नाही भरायचा. तिघं लागतील."

तोवर ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, टीएए, हे त्या मदतीचं नावसुद्धा मी ऐकलं नव्हतं. कंपनीने दिलेल्या जाडजूड पाकिटात त्याचं नाव नव्हतं. चौदा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

त्यामागचा विचार मला पुढे कळला आणि तो मला पटला. १९६२ मध्ये केनेडींच्या काळात परदेशी व्यापार खुला करणारा कायदा झाला, त्यातच ही तरतूद पहिल्यांदा आली. आयात-निर्यात वाढली की सगळ्या देशाला थोडा थोडा फायदा होतो, पण तोटा मात्र काही मोजक्या लोकांच्या घरात एकगठ्ठा येऊन पडतो. देशाने ठरवून दार उघडलंय, तर त्यात ज्यांच्या घराची भिंत पडली त्यांना उभं करणं हेही देशाचंच काम. १९७४ च्या ट्रेड अ‍ॅक्टने ती मदत जास्त लोकांच्या आवाक्यात आणली. म्हणजे ही भीक नाही आणि सहानुभूतीही नाही. एक जुना करार आहे. हे समजल्यावर मी केंद्रात जाताना मान खाली घालणं सोडलं.

पात्रतेच्या पायऱ्या दोन होत्या, आणि लोकांचा गोंधळ नेमका इथेच व्हायचा. पहिली पायरी गटाची. एकेकट्या माणसाला नाही, त्या कंपनीतल्या त्या विभागाच्या कामगारांना मिळून वॉशिंग्टनचं श्रम खातं पात्र ठरवायचं. दुसरी पायरी तुमची स्वतःची. गट पात्र ठरल्यावर राज्याचं श्रम खातं तुमच्या नोकरीच्या तारखा, पगार, वय, शिक्षण बघून काय काय मिळेल ते ठरवायचं. पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरीचं नावही काढता येत नव्हतं.

गटाच्या पायरीवर ते काय बघायचे? तुम्हाला किती वाईट वाटलं किंवा किती वर्षं इमाने काम केलं हे अजिबात नाही. नोकऱ्या बऱ्यापैकी संख्येने गेलेल्या असाव्या लागायच्या. पन्नासपेक्षा कमी माणसांच्या गटात तीनसुद्धा पुरायच्या, आमच्या तर चौदाच्या चौदा गेल्या होत्या. आणि मग कारण. एक तर परदेशी माल किंवा सेवा जास्त येऊ लागल्यामुळे कंपनीची विक्री घटली, किंवा कंपनीने तेच काम परदेशात हलवलं, किंवा तीच सेवा परदेशातून विकत घ्यायला सुरुवात केली. शिवाय, अशा फटका बसलेल्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्यांचे कामगारही यात येऊ शकत होते. आमचं प्रकरण काम हलवण्याचं होतं. तिथे कंपनी तोट्यात असावी लागत नव्हती. आमची कंपनी चांगली फायद्यात होती. हे कळेपर्यंत आमच्यातले अर्धे लोक म्हणत होते, "कंपनी बुडाली थोडीच, आपल्याला कोण देणार?"

अर्ज कंपनी करू शकत होती, युनियन करू शकत होती, राज्याचे अधिकारीही करू शकत होते. आमच्याकडे युनियन नव्हती, कंपनी करणार नव्हती. तेव्हाच्या नियमाने तीन कामगारांच्या सह्यांनीही तो करता येत होता. मी फोन करायला घेतले. चौघांनी नाही म्हटलं. सेटलमेंटच्या कागदावर सही केलेली, उगाच कंपनीशी वाकडं नको, अशी भीती. ती भीती मी समजू शकते, मलाही होती. शेवटी आम्ही तिघं जमलो. माझ्या शेजारच्या टेबलावरची एकसष्ट वर्षांची बाई, जिने मला या देशात पहिल्यांदा बर्फात गाडी कशी काढायची ते शिकवलं. दुसरा एक फिलिपिनो माणूस, जो आमच्यातच बसून आमचंच काम करायचा पण पगार एका एजन्सीकडून घ्यायचा. तिसरी मी. त्या फिलिपिनो माणसाला वाटत होतं आपण कंपनीचे नाही, आपली सही चालायची नाही. केंद्रातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, काम कंपनीच्या जागेत आणि कंपनीच्या माणसांच्या हुकुमाखाली होत असेल तर एजन्सीची माणसंही त्या गटात धरली जाऊ शकतात, अर्जात तसं स्पष्ट लिहा.

ते ऐकताना मला माझे अण्णा, म्हणजे वडील, आठवले. अण्णा लोअर परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. सुरुवातीची काही वर्षं बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत घ्यायचे. काम तेच, यंत्र तेच, पण पटावर नाव नाही. त्या फिलिपिनो माणसाचा चेहरा मला अगदी तसा दिसला.

आमच्या मजल्यावर आयटीत एक नागपूरचा मुलगा होता. त्याचंही काम त्याच लाटेत गेलं. त्याने फोन केला, "काकू, माझंही नाव घाला ना." तो एच-वन-बी व्हिसावर होता. टीएएचा साप्ताहिक भत्ता बेकारभत्त्याच्या पाठीवर बसलेला होता, आणि बेकारभत्त्यासाठी तुम्ही कुठल्याही मालकाकडे लगेच काम करायला कायद्याने मोकळे असावे लागता. एच-वन-बीवाला एकाच मालकाला बांधलेला. नोकरी गेल्यावर देशात राहायला साठ दिवसांची मुदत मिळते तो नियमसुद्धा जानेवारी २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा तोही नव्हता. मी त्याला नाही म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर खूप वेळ गप्प बसले. मी नागरिक झाले होते म्हणून पात्र. त्याच मजल्यावर, त्याच कारणाने नोकरी गेलेला तो मात्र नाही. दोन महिन्यांनी तो परत गेला.

अर्ज मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाठवला, एक प्रत वॉशिंग्टनला आणि एक राज्याला. दोन्हीकडे एकाच वेळी द्यावा लागायचा. तपासासाठी कायद्याने चाळीस दिवस ठरलेले. तपास अधिकारी कंपनीला प्रश्नावली पाठवायचा, तिची उत्तरं गोपनीय राहायची. आपल्याला दिसत नव्हती, आणि पुढे नेमका तिथेच घोटाळा झाला.

उत्तर आलं ते गणपतीच्या आधल्या आठवड्यात. नाही. कंपनीने कळवलं होतं की आमचं काम तिच्याच दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसात गेलं. त्यामुळे काम परदेशी गेल्याचं किंवा सेवा परदेशातून घेतल्याचं निष्पन्न होत नाही, असा निर्णय. कंपनीचं म्हणणं धडधडीत खोटं नव्हतं. मोठ्या रकमांच्या मंजुरीचं आणि कराचं काम खरंच तिकडच्या दोघांकडे गेलं होतं. पण बारा जणांचं काम पुण्याला गेलं होतं, आणि ते मी स्वतः शिकवलं होतं. समोर जे कागद आले त्यावरून तपास करणाऱ्यांनी निर्णय दिला. त्यांच्यासमोर आमचे कागदच नव्हते.

त्या वर्षी मखर नवऱ्यानेच लावलं. माझ्या हाताला जोर नव्हता. आरती झाल्यावर तो म्हणाला, "अगं, ते पत्र पुन्हा वाच. खाली काहीतरी लिहिलंय." निर्णय फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापून आल्यापासून तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येत होता. वकील लागत नव्हता. कारण मात्र नेमकं हवं होतं. निर्णय चुकीच्या माहितीवर आधारला, किंवा काही माहिती विचारात घ्यायची राहिली, किंवा कायद्याचा वा वस्तुस्थितीचा अर्थ चुकीचा लावला. त्यानंतरही नकार आला तर न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात साठ दिवसांत जाता येत होतं. तिथवर जायची आमची ताकद नव्हती. हे तीस दिवसच आमचे होते.

इथे मला लालबागच्या खोलीतली पत्र्याची पेटी सांगितली पाहिजे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या हाकेला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते. संप मागे घेतला गेलाच नाही, आणि अण्णांना पुन्हा कधी आत घेतलं नाही. घरात चूल पेटायची ती आईच्या खानावळीवर. तेव्हा मी अठरा वर्षांची होते. अण्णांसाठी असला कुठलाही अर्ज कुठल्याही खिडकीत नव्हता. पण आईने त्यांचं गिरणीचं ओळखपत्र, रजेचं कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळं फडक्यात बांधून त्या पेटीत ठेवलं. आम्ही हसायचो, या रद्दीचं काय करायचंय. पुढे बऱ्याच वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली आणि अट निघाली, की १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या पटावर होता हे दाखवा. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांनी दारोदार हिंडून काढले. आईने फडकं सोडलं.

म्हणून असेल, मलाही कागद टाकवत नाही. कंपनीचा एकही कागद मी घरी आणला नव्हता, तसं करायचंच नव्हतं. पण माझी स्वतःची डायरी होती. जानेवारी ते एप्रिल, रोजच्या पानावर किती वाजता कॉल, पलीकडे किती जण, आज काय शिकवलं. "बार्शीची आज तापाने फणफणली होती तरी बसली" असलंही त्यात होतं. ती पानं मी इंग्रजीत तारीखवार उतरवून काढली. एकसष्टवाल्या बाईंकडे जानेवारीतल्या मीटिंगनंतर सगळ्यांना वाटलेलं पत्र होतं, त्यात नव्या टीमला काम सोपवण्याचा उल्लेख होता, गावाचं नाव नव्हतं. ते नाव आम्हाला मिळालं एका जुन्या पुरवठादाराकडून. पेनसिल्व्हेनियात पुठ्ठ्याची खोकी बनवणारा छोटा कारखानदार, माझ्याशी पंधरा वर्षं फोनवर बोललेला. त्याने माझी चौकशी करायला फोन केला आणि बोलता बोलता म्हणाला, "आता बिलाचं काही विचारायचं तर पुण्याला फोन लावायला सांगितलंय." सगळ्या पुरवठादारांना तसं पत्र गेलं होतं. त्याने त्याच्याकडे आलेली प्रत आम्हाला दिली. त्यावर भारताचा फोन नंबर होता, एक्याण्णवने सुरू होणारा.

ते पत्र टेबलावर ठेवून आम्ही तिघांनी दोन पानांचा अर्ज लिहिला. आरोप एकही केला नाही. केंद्रातल्या बाईंचा सल्ला होता, "कंपनी वाईट आहे असं लिहू नका. काय काम होतं, कोण करत होतं, आता कोण करतंय, एवढंच लिहा." चौदा जणांच्या कामाचा तक्ता केला, आणि प्रत्येक कामापुढे ते कुठे गेलं ते लिहिलं. दोन ओळींपुढे दुसऱ्या राज्याचं नाव, बारा ओळींपुढे भारत. कंपनीचं म्हणणं जिथे खरं होतं तिथे ते खरं आहे असंच लिहिलं. मला वाटतं, त्यामुळेच बाकीच्या बारा ओळींवर विश्वास बसला.

फेरविचार मंजूर झाल्याचं आधी कळलं. कंपनीला पुन्हा प्रश्न गेले. मला एकदा तपास अधिकाऱ्याचा फोन आला, त्याने पाऊण तास शांतपणे सगळं विचारलं. डिसेंबरच्या मध्यावर सुधारित निर्णय आला. गट पात्र. कारण म्हणून लिहिलं होतं की याच प्रकारची सेवा कंपनीने परदेशातून घ्यायला सुरुवात केली. आणि त्याच वाक्यात, एजन्सीमार्फत तिथे काम करणारेही धरून. मी पहिला फोन त्या फिलिपिनो माणसाला केला. तो काहीच बोलला नाही. मग त्याने फोन बायकोकडे दिला.

अर्जाच्या तारखेआधी वर्षभरात ज्यांची नोकरी गेली तिथपासून, निर्णयानंतर दोन वर्षांत जाईल तिथपर्यंतचे सगळे अशा पात्रतेच्या प्रमाणपत्राखाली यायचे. म्हणजे ज्या चौघांनी सही द्यायला नकार दिला होता, तेही आले. त्यांना मीच कळवलं. त्यात एकाच्या घरी दोन लहान मुलं होती.

मग दुसरी पायरी. साप्ताहिक भत्त्यासाठी नोकरी जाण्याआधीच्या बावन्न आठवड्यांत किमान सव्वीस आठवडे त्या कंपनीत, आठवड्याला किमान तीस डॉलर कमावून, काम झालेलं असावं लागायचं. सतरा वर्षं काढलेल्याला ते अवघड नव्हतं. माझा बेकारभत्ता सव्वीस आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपला होता. टीएएचा भत्ता त्याच रकमेचा असायचा, पण तो प्रमाणपत्राच्या तारखेनंतरच्या आठवड्यांपासून मिळायचा. मधले पाच-सहा आठवडे आमच्या घरात एक डॉलर बाहेरून आला नाही, नवऱ्याच्या छपाईच्या दुकानातल्या पगारावर काढले. पहिल्याच फेरीत होकार आला असता तर ते आठवडे कोरडे गेले नसते. ही एक गोष्ट अजून मनाला लागून आहे.

भत्ता चालू ठेवायचा तर प्रशिक्षणात नाव घालावं लागायचं, आणि त्याला मुदत होती. प्रमाणपत्र किंवा नोकरी जाणं, यातली जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून सव्वीस आठवडे. ती चुकली की भत्ता जायचा. प्रशिक्षण मंजूर करताना सहा गोष्टी बघायचे. योग्य नोकरी सध्या मिळत नाही ना, शिकून फायदा होईल का, शिकल्यावर नोकरीची वाजवी आशा आहे का, ते प्रशिक्षण जवळपास मिळतं का, तुम्हाला झेपेल का, आणि खर्च वाजवी आहे का. योग्य नोकरी म्हणजे जुन्या कामाइतकंच किंवा वरचं कौशल्य लागणारी आणि जुन्या पगाराच्या किमान ऐंशी टक्के देणारी. हे ऐंशी टक्के लक्षात ठेवावेत असे होते, कारण घरचेच लोक म्हणायचे की दुकानात मिळतेय ना नोकरी, मग कशाला शिकत बसतेस.

मी मेडिकल कोडिंग, म्हणजे बिलांसाठी आजार आणि उपचार ठरावीक कोडमध्ये लिहिण्याचं काम, निवडलं, कम्युनिटी कॉलेजात. ऑक्टोबर २०१५ पासून अमेरिकेत आजारांचे नवे, दहाव्या आवृत्तीचे कोड लागू झाले होते, दवाखान्यांना ते जाणणारी माणसं हवी होती. जाहिरातींची कात्रणं काढली, तीन संस्थांची फी शेजारी शेजारी मांडली, आणि समुपदेशकासमोर ठेवली. फी आणि पुस्तकांचे पैसे परस्पर कॉलेजला गेले. जानेवारी २०१७ मध्ये मी विशीतल्या मुलांच्या वर्गात जाऊन बसले. दर आठवड्याला हजेरीच्या कागदावर शिक्षकांची सही घ्यायची. शरीरशास्त्र मला जड गेलं. मुलीने, ती तेव्हा कॉलेजातच होती, रात्री फोनवर हाडांची नावं पाठ करून घेतली.

एकसष्टवाल्या बाईंनी वेगळी वाट घेतली, आणि पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाने ती समजून घ्यायला हवी होती. वय पन्नास किंवा जास्त, आणि नव्या नोकरीत जुन्यापेक्षा कमी पण वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आतला पगार असेल, तर दोन पगारांतल्या फरकाची निम्मी रक्कम सरकार दोन वर्षांपर्यंत देत होतं, एकूण जास्तीत जास्त दहा हजार डॉलर. त्यांचा पगार बावन्न हजार होता. शाळेच्या कार्यालयात अडतीस हजारांची नोकरी मिळाली. फरक चौदा हजार, निम्मे सात हजार वर्षाला. साधारण सतरा महिन्यांत दहा हजार पुरे झाले. त्या म्हणाल्या, "मला आता परीक्षा द्यायच्या नाहीत, मला घराचे हप्ते भरायचेत." बरोबरच होतं त्यांचं.

आणि विमा. माझ्याच नोकरीवर आमचा तिघांचा आरोग्यविमा होता. नोकरी गेल्यावर तोच चालू ठेवायचा तर महिना १,४५० डॉलर आम्हीच भरायचे. टीएएत पात्र ठरलेल्यांना तेव्हा हप्त्याच्या साडेबहात्तर टक्के कर-सवलत मिळत होती. म्हणजे आमच्या खिशातून चारशेच्या आतच. नवऱ्याला मधुमेह आहे. साप्ताहिक भत्त्यापेक्षाही या सवलतीने आम्हाला तारलं.

मला २०१८ मध्ये एका रुग्णालयाच्या बिलिंग विभागात नोकरी लागली, जुन्या पगाराच्या नव्वद टक्क्यांवर. अजून तिथेच आहे.

पण पात्रतेचा विचार करते तेव्हा मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती तारीख. २००९ च्या आधी माझ्यासारखीचा अर्ज टिकलाच नसता, कारण कायदा वस्तू बनवणाऱ्यांसाठी होता आणि बिलं तपासणं ही वस्तू नव्हे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना तर त्यांचं काम ही वस्तू आहे हे पटवायला त्या व्यापार न्यायालयापर्यंत जावं लागलं होतं. २००९ मध्ये सेवा क्षेत्र आत आलं. २०१४ च्या सुरुवातीला ते पुन्हा बाहेर गेलं, जून २०१५ च्या कायद्याने परत आत. जुलै २०२१ पासून पुन्हा बाहेर. आणि ३० जून २०२२ नंतर नव्या अर्जांवर निर्णय देण्याचा अधिकारच संपला, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मुदत वाढवली नाही. कारखान्यातला असो की ऑफिसातला, नव्याने कुणीच पात्र ठरत नाही. माझी नोकरी २०१६ त गेली म्हणून मी शिकले. सहा वर्षांनी गेली असती तर तीच डायरी, तेच पत्र, तोच तक्ता असूनही हाती काही आलं नसतं. साठ वर्षं जुना करार असा मुदत संपून निजावा हे मला मान्य नाही. माझ्या भागाच्या काँग्रेस सदस्याला मी दोनदा पत्र लिहिलं, पुन्हा लिहिणार आहे.

आमच्या मंडळात आता लोकांना माझं प्रकरण माहीत आहे, त्यामुळे फोन येतात. २०२३ च्या हिवाळ्यात एका गृहस्थांचा आला. मूळचे साताऱ्याचे, इथे एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीला, काम मेक्सिकोला गेलेलं. "ताई, तो तिघांचा अर्ज असतो म्हणे, तो कुठे मिळतो?"

मला सांगावं लागलं की त्यावर आता निर्णय होत नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

मग मी त्यांना जे अजून चालू आहे ते सांगितलं. बेकारभत्त्याचा अर्ज आजच भरा, उद्यावर टाकू नका. नोकरी गेलेल्यांसाठी त्याच केंद्रात दुसऱ्या कायद्याखाली प्रशिक्षणाचे पैसे असतात, रक्कम कमी आहे, पण विचारल्याशिवाय कुणी देत नाही. नोकरीवरचा विमा संपल्यापासून साठ दिवसांच्या आत सरकारी विमा-बाजारात नाव घाला. काम मेक्सिकोला गेल्याचा जो काही कागद तुमच्या नावाने आलेला असेल तो जपून ठेवा, कायदा पुन्हा सुरू झाला तर लागेल. त्यांनी सगळं लिहून घेतलं. केंद्र किती वाजता उघडतं ते विचारलं. मी म्हटलं, "साडेआठला. पण आठला जाऊन उभे राहा, आणि नोकरीचं शेवटचं पत्र बरोबर न्या."